वाचकांचे प्रश्न : कॉइलओव्हर बसवले, आता गाडी आदळते

या वेळी सस्पेन्शनविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे कॉइलओव्हरची आहेत. कॉइलओव्हर म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग यांचा एकच जोड. शॉकच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि त्यांवरच्या रिंगा फिरवून गाडीची उंची बदलता येते. उंची बदलणे इतके सोपे झाल्यामुळे सर्वांचे लक्ष उंचीवरच जाते. पत्रांमधल्या बहुतेक तक्रारी मात्र चाकाला वर-खाली होण्यासाठी किती जागा उरली, या एका गोष्टीशी येऊन थांबतात.

प्रश्न : माझ्या हॅचबॅकला चारही बाजूंनी कॉइलओव्हर बसवले. स्प्रिंगखालच्या रिंगा फिरवून पुढची बाजू ३० मिलिमीटर खाली घेतली. तेव्हापासून लहान उंचवट्यावरही गाडी दणकन आदळते. शॉक नरम असावेत असे वाटून डॅम्पिंगचा, म्हणजे शॉकची हालचाल रोखण्याचा जोर ठरवणारा, नॉब पूर्ण कडक केला, तर त्रास वाढला. गाडी जॅकवर घेतली की पुढची स्प्रिंग हाताने गोल फिरते. शॉकच्या तळाशी ब्रॅकेटजवळ आणखी एक रिंग आहे, तिला मी हात लावलेला नाही. जास्त कडक स्प्रिंग घ्यावी का?

उत्तर : नवी स्प्रिंग घेण्याची गरज नाही. जॅकवर स्प्रिंग हाताने फिरते, हे आपण आवर्जून लिहिलेत ते फार बरे झाले, कारण सगळा उलगडा त्यातच आहे. स्प्रिंग आपल्या वरच्या-खालच्या दोन बैठकांमध्ये, म्हणजे ती टेकते त्या जागांमध्ये, सैल पडली आहे आणि त्यामुळे गाडी शॉकच्या तळाजवळ जाऊन बसली आहे.

समजण्यासाठी सोयीचे आकडे घेऊ. शॉकचा एकूण स्ट्रोक, म्हणजे तो पूर्ण उलगडल्यापासून पूर्ण दबेपर्यंतचा प्रवास, १२० मिलिमीटर आहे, स्प्रिंग ६ किलो प्रति मिलिमीटर आहे आणि तिच्यावर ३०० किलो भार येतो. म्हणजे गाडी उभी असताना स्प्रिंग ५० मिलिमीटर दबते. स्प्रिंग बैठकांना नुसती टेकलेली असेल, तर शॉकही ५० मिलिमीटर आत जातो आणि खाली ७० मिलिमीटर उरतात. त्यांतले ४० मिलिमीटर बंपस्टॉपने, म्हणजे दांड्यावरच्या लवचिक ठोकळ्याने व्यापलेले धरा. मग चाकाला मोकळेपणी वर यायला ३० मिलिमीटर मिळतात. आपण खालची बैठक ३० मिलिमीटर उतरवली. भार तोच, स्प्रिंग तीच, त्यामुळे शॉक आता ८० मिलिमीटर आत गेला आणि उरलेले ४० मिलिमीटर ठोकळ्याचेच आहेत. या हिशेबाने गाडी उभी असतानाच ठोकळ्याला टेकलेली आहे आणि रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा स्प्रिंगऐवजी त्या ठोकळ्यावर येतो. आपल्या शॉकचे आकडे थोडे वेगळे असतील, पण घडले आहे ते हेच.

नॉब कडक केल्याने त्रास का वाढला, तेही यातच आले. अनेक संचांमधला एकच नॉब मुख्यतः शॉक उलगडण्याच्या हालचालीवर, म्हणजे रिबाउंडवर काम करतो. ती हालचाल फार मंद झाली, तर एका उंचवट्यावर दबलेला शॉक पूर्ण उलगडायच्या आत दुसरा उंचवटा येतो, मग तिसरा, आणि गाडी दर वेळी आणखी खाली बसत जाते. जागा आधीच संपलेली, त्यात ही भर पडली.

ज्या तळाच्या रिंगला आपण हात लावला नाही, तीच उंचीसाठी दिलेली आहे. गाडी स्टँडवर घ्या, चाके लोंबकळू द्या आणि स्प्रिंगखालची रिंग हाताने वर आणत स्प्रिंग दोन्ही बैठकांना टेकवा. त्यानंतर संचाच्या माहितीपत्रकात जितका प्रीलोड, म्हणजे रिंगने स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, सांगितला असेल तितकाच द्या. तो बहुधा मोजक्या मिलिमीटरांचा असतो. मग लॉक रिंग आवळा. उंची कमी करण्यासाठी तळाचा ब्रॅकेट आट्यांवरून वर चढवा. असे केले की शॉकची एकूण लांबी कमी होते, पण त्याचा स्ट्रोक तसाच राहतो. ब्रॅकेटच्या आत किती आटे गुंतलेले असलेच पाहिजेत, याची किमान मर्यादा उत्पादक देतो. ती कधीही ओलांडू नका, कारण चाकाचा सारा भार त्या आट्यांवर असतो.

मात्र शॉकमध्ये वाचवलेली जागा चाकाच्या कमानीत खर्च होते. चाक आता पूर्वीपेक्षा वर येईल, म्हणून एका बाजूची स्प्रिंग काढून, चाक जॅकने ठोकळा पूर्ण दबेपर्यंत हळूहळू वर घ्या आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर आतल्या अस्तराला किंवा पत्र्याला घासतो का ते पाहा. हा अर्ध्या दिवसाचा खटाटोप आहे, पण तो टाळलेल्या गाड्यांच्या टायरांच्या खांद्यावर कापल्याच्या गोल रेषा मी पाहिल्या आहेत.

प्रत्यक्षात किती जागा वापरली जाते, हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. दांडा उघडा दिसत असेल, तर त्याच्याभोवती प्लास्टिकची बारीक केबल टाय अलगद बांधा आणि ती शॉकच्या तोंडापर्यंत सरकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्याने फेरी मारून आलात की ती दांड्यावर कुठपर्यंत ढकलली गेली, तितका शॉक दबला असे समजा. दांडा आत झाकलेल्या, उलट्या रचनेच्या शॉकवर हे जमत नाही.

प्रश्न : रिंग वर आवळून स्प्रिंग जास्त दाबली, तर ती कडक होते ना?

उत्तर : नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो, आणि रिंग फिरवून यांतले काहीच बदलत नाही. वरच्याच उदाहरणात ५ मिलिमीटर प्रीलोड दिला, तर स्प्रिंगमध्ये ३० किलोचा दाब आधीच साठतो, पण गाडी खाली ठेवली की ती ३०० किलोंना पूर्वीइतकीच, एकूण ५० मिलिमीटर दबते. फरक इतकाच की शॉक ५० ऐवजी ४५ मिलिमीटर आत जातो आणि गाडी ५ मिलिमीटर उंच उभी राहते. चाकाला वर यायला ५ मिलिमीटर जास्त मिळतात आणि खड्ड्यात खाली उतरायला तितकेच कमी मिळतात. आवळल्यावर गाडी कडक वाटते ती बहुधा याच कारणाने : चाक खाली उतरताना शॉक उलगडण्याची मर्यादा लवकर गाठतो आणि ठोका बसतो. वेटोळ्यांमधले अंतर कमीजास्त असलेल्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचा हिशेब थोडा वेगळा असतो, पण कॉइलओव्हरच्या संचात बहुधा सरळ दराच्याच स्प्रिंगा येतात.

प्रश्न : माझ्या संचात पुढे ६ आणि मागे ८ किलो प्रति मिलिमीटरच्या स्प्रिंगा आहेत. मागे वजन कमी असताना हे उलटे झाले नाही का?

उत्तर : तसे नाही. स्प्रिंगचा दर आणि चाकाशी जाणवणारा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असेल, म्हणजे शॉक आणि स्प्रिंगचा जोड थेट चाकापाशी उभा असेल, तर चाक जितके हलते जवळजवळ तितकीच स्प्रिंग दबते. मागे स्प्रिंग आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या हातावर, आतल्या बाजूला असेल आणि चाक १० मिलिमीटर हलल्यावर ती फक्त ७ मिलिमीटर दबत असेल, तर चाकाशी येणारा दर ०.७ च्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ निम्म्याने घटतो. आपल्या ८ चे तिथे सुमारे ४ होतात. याच कारणाने मागची रिंग १० मिलिमीटर उतरवली की गाडी सुमारे १४ मिलिमीटर उतरते. तेव्हा मागे थोडे थोडे फिरवावे आणि प्रत्येक वेळी मोजावे.

प्रश्न : मी स्वतः घरी कॉइलओव्हर बसवणार आहे. हत्यारे आहेत, जॅक आणि स्टँड आहेत. नेमकी कुठे चूक होते?

उत्तर : नट-बोल्ट काढण्या-घालण्यात फारसे अवघड काही नाही, पण काही ठिकाणी घाई अंगाशी येते. पहिले ठिकाण जुना स्ट्रट उकलण्याचे. बऱ्याच संचांत वरचा माउंट, म्हणजे स्ट्रट गाडीला जोडणारा भाग, जुनाच वापरावा लागतो आणि तो मूळ स्प्रिंग दाबूनच निघतो. दाबलेली स्प्रिंग कॉम्प्रेसरमधून निसटली, तर जीव जाऊ शकतो. चांगला कॉम्प्रेसर नसेल तर एवढे एक काम गॅरेजमधून करून घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरे ठिकाण दांड्यावरचा वरचा नट. तो एअर गनने आवळला की दांडा आत गरगर फिरतो आणि सील व पिस्टनचे नुकसान होते. दांड्याच्या टोकाला षटकोनी खाच असते. तिच्यात अ‍ॅलन की धरून नट हाताने आवळावा. चकचकीत दांडा पकडीने धरणे तर पूर्ण वर्ज्य समजा. पकडीच्या दातांचा केसाएवढा ओरखडासुद्धा वर-खाली होताना सील कापत राहतो, आणि काही दिवसांत शॉकच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसू लागतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती चुकली तरी त्या दिवशी काहीच कळत नाही. लोअर आर्मच्या (खालच्या हाताच्या) सांध्यातल्या रबरी बुशमध्ये आतली लोखंडी नळी आणि रबर एकमेकांना चिकटलेले असतात. बोल्ट आवळला की ती नळी जागेवर जखडली जाते आणि त्यापुढची हालचाल रबराच्या पिळण्यातून होते. चाक लोंबकळत असताना हे बोल्ट आवळले, तर गाडी खाली ठेवताक्षणी रबर पिळले जाते आणि तसेच पिळलेले राहते. ते गाडीला थोडे वर धरून ठेवते, त्यामुळे उंचीची मापे खोटी येतात, आणि काही महिन्यांत नळीच्या कडेने चंद्रकोरीसारखी चीर पडते. एका गाडीचे चारही बुश अशा रीतीने फाटलेले मी हातात घेतले आहेत. बसवणाऱ्याने प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने बरोबर आवळला होता, फक्त गाडी हवेत असताना. म्हणून हे बोल्ट आधी हलके लावा, मग आर्मखाली जॅक देऊन किंवा गाडी रॅम्पवर घेऊन सस्पेन्शन उभ्या उंचीवर आणा आणि मगच शेवटचा टॉर्क द्या. उंची पुन्हा बरीच बदललीत, तर बोल्ट सैल करून हेच पुन्हा करा.

ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर नव्या ब्रॅकेटला मूळ जागीच लावा आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून त्या ताणल्या जात नाहीत ना, ते पाहा. अँटिरोल बारची, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याची, लिंक लावताना दोन्ही बाजूंची चाके सारख्या उंचीवर असावीत, म्हणजे बारमध्ये पीळ राहत नाही.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधील हवा कमीजास्त असते. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत मोजा. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच खरी उंची दाखवत नाही. टायर आडवे रोवले जातात, म्हणून गाडी थोडी पुढे-मागे ढकलून घ्या.

प्रश्न : डॅम्पिंगचे क्लिक नेमके कोणत्या टोकाकडून मोजायचे? किती ठेवायचे?

उत्तर : बहुतेक शॉकमध्ये नॉब घड्याळाच्या दिशेने फिरवला की कडक होतो. पूर्ण कडक टोकापर्यंत हलक्या हाताने न्या आणि तिथून मागे मोजा, कारण त्या टोकाला झडप आपल्या बैठकीवर निश्चित टेकते. नरम टोक तितके नेमके नसते. जोर लावून आवळू नका. किती क्लिक, याचा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. मधोमध सुरुवात करा, एकच ओळखीचा रस्ता निवडा आणि एका वेळी दोनच क्लिक बदला. उंचवटा ओलांडल्यावर गाडी पुन्हा पुन्हा डुलत राहिली तर डॅम्पिंग कमी आहे. खडबडीत रस्त्यावर ती बसत जाते आणि टायर रस्ता सोडतो असे वाटले तर जास्त आहे. एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाके सारखी ठेवा आणि आकडे वहीत लिहा.

प्रश्न : गाडी खाली घेतल्यापासून पुढचे टायर आतून खातात. दोष कॅम्बरचा का?

उत्तर : बहुधा दोष 'टो'चा, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा. गाडी उतरली की कॅम्बर (चाकाचा समोरून दिसणारा कल) आणि टो दोन्ही बदलतात, पण चुकीचा टो टायरला सतत तिरके फरपटत नेतो आणि रबर फार वेगाने घासतो. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, तेव्हा काही दिवस गाडी चालवून उंची पुन्हा मोजा, रिंगा आणि बोल्ट तपासा आणि उंची कायम झाल्यावरच अलाइनमेंट करा. आधी केली तर ती पुन्हा करावी लागेल. त्याच वेळी हेडलाइटची दिशाही जुळवून घ्या. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत त्याचे कॅलिब्रेशन लागते का, ते उत्पादकाच्या सूचनांत पाहा.

प्रश्न : स्टीअरिंग वळवताना पुढून 'टंग' असा आवाज येतो आणि स्टीअरिंगला हलका झटका बसतो. जुना माउंटच वापरला आहे.

उत्तर : स्प्रिंग पिळली जाऊन एकदम सुटते, त्याचा हा आवाज आहे. माउंटमधले बेअरिंग अडकले असेल किंवा वॉशरांचा क्रम उलटा लागला असेल. बॉनेट उघडून एकाला स्टीअरिंग फिरवायला सांगा आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यावर खडूची उभी रेघ ओढून ती शॉकबरोबर सरकते का पाहा. रेघ अडखळून उडी मारत असेल, तर स्ट्रट खाली उतरवून बेअरिंग बदला.