भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचं घर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नवी मुंबईत 1991 साली बांधलेल्या इमारतीतला फ्लॅट रीसेलमध्ये घेतोय. जमीन सिडको या सरकारी महामंडळाची, भाडेपट्टा 60 वर्षांचा. एजंट म्हणतो, ‘इथे सगळ्यांचं असंच आहे, काळजी नको.’ खरंच नको?

सिडकोने नवी मुंबईतले भूखंड भाडेपट्ट्यानेच दिले, त्यामुळे एजंटचं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसऱ्यासाठी मात्र कागद बघावे लागतील.

आधी तारीख. इमारत 1991 ची म्हणून पट्टा 2051 पर्यंत चालेल, असा हिशेब बरेच जण करतात. पण मुदत बहुधा भूखंड देण्याच्या करारापासून मोजतात. तो करार 1984 चा असेल, तर पट्टा 2044 ला संपतो. तुमच्या हिशेबातली सात वर्षं तिथेच गेली. विक्रेत्याच्या खरेदीखतावर ही तारीख असेलच असं नाही. सोसायटीकडून मूळ कराराची प्रत मागा.

याचा पहिला फटका कर्जाला बसतो. कर्ज फिटल्यावरही पट्ट्याची काही वर्षं शिल्लक राहावीत, असं बँका पाहतात. 50 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे 43,400 रुपये येतो. पट्टा थोडाच उरलाय म्हणून बँकेने मुदत 12 वर्षांवर आणली, तर तोच 55,500 च्या आसपास जातो. म्हणून विसार देण्याआधी बँकेला पट्ट्याची प्रत दाखवा आणि ‘कर्ज मंजूर न झाल्यास विसाराची रक्कम परत’ ही अट विसार पावतीत लिहून घ्या.

दुसरं, नुसता ‘अ‍ॅग्रीमेंट टू लीज’ आहे की पुढचा ‘लीज डीड’ही झालाय? पहिला कागद म्हणजे भूखंडावर जाऊन बांधण्याची परवानगी. बांधकाम पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला) मिळालं की मग लीज डीड होतो. बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्रच घेतलं नसेल, तर गाडी पहिल्याच कागदावर अडकलेली असते आणि तिचा भुर्दंड रीसेल घेणाऱ्याला बसतो.

तिसरं, आजवरच्या प्रत्येक विक्रीचा नोंदणीकृत करार, त्याचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला कराराचा गोषवारा) आणि त्या-त्या वेळचं सिडकोचं हस्तांतरण पत्र. साखळीतली एक कडी जरी सिडकोच्या दप्तरी नसली, तरी तुमच्या नावावर घर करताना आधी ती भरून काढावी लागते आणि तिचेही पैसे मोजावे लागतात. पट्टा वाढवण्याच्या आणि जमीन मालकीहक्काने करून देण्याच्या सवलती सरकार अधूनमधून जाहीर करतं. पण त्या गृहीत धरून भाव ठरवू नका. तुमच्या सोसायटीने अर्ज करून पैसे भरलेत का, तेवढंच बघा.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, हस्तांतरण शुल्क वाचवू, नोटरी करार आणि कुलमुखत्यारपत्र करून देतो. भावात दोन लाख कमी करतोय.

करू नका. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या ‘सूरज लॅम्प’ निकालात हे स्वच्छ सांगितलं आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी कायद्याच्या कलम 49 नुसार असा करार हक्क देत नाही. देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र तिथेच संपतं आणि मग त्याच्या वारसांच्या दारात उभं राहायची पाळी येते. मुद्रांक शुल्क बुडालं असेल, तर दरमहा 2 टक्के दंड चढत जातो. शिवाय परवानगीशिवाय हस्तांतरण करणं हा पट्ट्याच्या अटींचा भंग. दोन लाख फार महाग पडतात.

असे कागद आधीच हातात असतील, तर मूळ वाटपधारक (ज्याला घर सर्वात आधी मिळालं तो) हयात आहे तोवरच त्याला गाठा आणि नोंदणीकृत करार करून घ्या. मधल्या खरेदीदारांना मान्यता देणारे म्हणून त्यात सामील करा.

प्रश्न: फ्लॅट विकायला सोसायटी ‘ट्रान्सफर फी’ म्हणून दोन लाख मागतेय.

हस्तांतरण अधिमूल्याची (विक्रीच्या वेळी सोसायटी घेते त्या प्रीमियमची) कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे, हस्तांतरण शुल्क वेगळे 500. ‘स्वेच्छा देणगी’ नाव दिलं म्हणून ही मर्यादा वाढत नाही. लेखी मागणी मागा, नाही दिली तर उपनिबंधकांकडे तक्रार करा. सिडकोसारख्या जमीनमालक संस्थेचं हस्तांतरण शुल्क मात्र याहून वेगळं आहे आणि ते भरावंच लागतं. ते कोण भरणार, हे करारात नाव घालून लिहा; ऐन वेळी सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात.

प्रश्न: बिल्डर 999 वर्षांच्या पट्ट्याने घर देतोय. ‘ही विक्री नाही, त्यामुळे रेरा (घर खरेदीदारांना संरक्षण देणारा कायदा) लागू नाही,’ म्हणतो.

मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये लवासाच्या प्रकरणात हाच युक्तिवाद फेटाळला. महारेराचा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा. मुद्रांक शुल्कही वाचत नाही: 29 वर्षांवरच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या 90 टक्क्यांवर शुल्क आकारतात.

प्रश्न: वडील वारले. नॉमिनी बहीण आहे. घर तिचं झालं का?

नाही. सोसायटीने नोंद कोणाच्या नावावर करायची, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. मालकी सगळ्या वारसांची. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी महिने घालवणं. ते येणी आणि रोख्यांसाठी असतं. स्थावरासाठी 1827 च्या मुंबई विनियमाखालचं वारस प्रमाणपत्र लागतं, ते दिवाणी न्यायालयातून मिळतं. बाकीचे वारस हिस्सा सोडणार असतील, तर हक्कसोडपत्र नोंदवा आणि मगच जमीनमालक संस्थेकडे अर्ज करा. विकायचं असेल तरी नाव आधी चढवावं लागतं.

प्रश्न: आमच्या सोसायटीचा पट्टा दोन वर्षांपूर्वी संपला. घर खाली करावं लागेल?

उद्या सकाळी कोणी कुलूप लावणार नाही, त्यासाठी कायद्याने ठरवलेली कारवाई करावी लागते. पण मुदत संपताच पट्टा संपतो. त्यानंतर जमीनमालकाने भाडं घेतलं आणि पट्ट्यात वेगळं काही ठरलेलं नसलं, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 116 नुसार तुम्ही राहण्याच्या जागेचे महिन्या-महिन्याचे भाडेकरू ठरता. म्हणून शेवटच्या भाड्याची पावती जपा आणि पुढचं भाडं धनादेशानेच भरा, परत आलं तर परतीचं पत्र फाइलला लावा.

नूतनीकरणाचा अर्ज एकट्या सभासदाने करून भागत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव करून तो सोसायटीने करायचा. सोबत मूळ पट्टा, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), भोगवटा प्रमाणपत्र आणि इंडेक्स टू क्रमांकासह सभासदांची यादी जोडा. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका. नूतनीकरण होईपर्यंत फ्लॅट विकायला काढलात, तर रोखीचाच गिऱ्हाईक मिळेल, आणि तो भाव पाडूनच मागेल.