जपानी संगीतकार ताकेमित्सु ऐकायला बसतोयस तर...

'नोव्हेंबर स्टेप्स' या त्याच्या रचनेपासून सुरुवात करू नकोस. नाव मोठं म्हणून सगळे तिथेच उडी मारतात आणि पाच मिनिटांत कंटाळतात. आधी तोरू ताकेमित्सुचं १९५७ चं 'रेक्विएम' (म्हणजे मृतांसाठीचं शोकसंगीत) ऐक, निव्वळ तंतुवाद्यांचं. १९५९ मध्ये जपानला आलेल्या स्त्राविन्स्की या नामवंत रशियन संगीतकारानेही ते वाखाणलं होतं.

गंमत अशी, की तरुणपणी ताकेमित्सुला जपानी संगीत नकोसं वाटायचं. युद्धाच्या आठवणी त्या संगीताला चिकटलेल्या. जीव सगळा देब्युसी आणि मेसियां या फ्रेंच संगीतकारांमध्ये. घरच्या वाद्यांकडे तो वळला तो जॉन केज या अमेरिकन संगीतकारामुळे!

मग १९६७ चं 'नोव्हेंबर स्टेप्स' लाव. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी लिहिलेलं: बिवा (जपानी तंतुवाद्य), शाकुहाची (बांबूची जपानी बासरी) आणि ऑर्केस्ट्रा. फ्यूजन शोधू नकोस, दोन्ही जगं त्याने समोरासमोर ठेवलीत. बिवा-शाकुहाची बोलू लागली की ऑर्केस्ट्रा बराच वेळ गप्प. शाकुहाचीतली फुंकेची खरखर हा रेकॉर्डिंगचा दोष नव्हे, ती मुद्दाम आहे. बासरीतली मींड ऐकलेल्या कानाला स्वरांचं ते ओढणं ओळखीचं वाटेल. फक्त सम कधी येईल याची वाट बघू नकोस.

होसोकावा, म्हणजे त्याच्या पुढच्या पिढीतला जपानी संगीतकार, नंतर. आणि हे सगळं हेडफोनवर, रात्री. लोकलमध्ये यातलं निम्मं ऐकूच येत नाही.