ड्रमर नाही, मशीन आहे: मुलाच्या बँडचं काय करायचं?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं आणि सोबत पाठवलेलं रेकॉर्डिंगही. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई काळाचौकीला राहतात, घरी ब्लाउज शिवायचं काम करतात, मिस्टर बेस्टमध्ये आहेत. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, मार्क अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या आसपास. त्याचा तिघांचा बँड आहे, एक गिटार, एक बेस, गाणं हाच म्हणतो, आणि ड्रमरच्या जागी एक मशीन. या प्रकाराला तो इंडस्ट्रियल पंक म्हणतो, म्हणजे यंत्रांच्या आवाजातलं कर्कश रॉक. आता डिप्लोमा झाल्यावर त्याला एक वर्ष फक्त बँडला द्यायचंय आणि नवीन ड्रम मशीनसाठी ताईंच्या भिशीतले चाळीस हजार हवेत. बाबांचं म्हणणं, बटण दाबलं की आपोआप वाजतं, त्यात याचं काय कौशल्य. आणि ताई विचारतात, हा अभ्यासातून पळायचा मार्ग तर नाही ना.

ताई, आधी सरळ उत्तर देते, कारण तुम्ही रात्री झोप लागत नाही असं लिहिलंय. वर्षाचा गॅप नको. भिशीचे पैसे पण नको. डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयरला घाला, आणि बँड बंद कर असं मात्र अजिबात म्हणू नका. का ते सांगते, जरा लांबेल.

ते रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून तीन वेळा ऐकलं. पहिल्यांदा खरंच नुसता गोंगाट वाटला. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की सुरुवातीला जो खटखट खटखट आवाज येतो, मध्येच मंद होतो, जाड शिवणीवर मशीन अडते ना तसा, आणि परत पळायला लागतो, तो ड्रमचा आवाज नाहीचे. मला वाटतं ती तुमची शिलाई मशीन आहे. त्याने ती कधीतरी फोनवर रेकॉर्ड केली असणार, मग कापली, पातळ केली, आणि ड्रम मशीनच्या ठोक्यात अशी बसवली की चौथ्या ठोक्याला किक (मोठ्या ड्रमचा जाड ठोका) आणि तुमची मशीन एकदम पडतात. त्याला विचारून बघा. माझा अंदाज बरोबर असेल तर बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

उरलेलं अर्धं असं. ड्रम मशीन आपोआप काही वाजवत नाही. एका आवर्तनाची सोळा घरं पाडलेली असतात, आपल्या तीनतालाला सोळा मात्रा असतात तशी, आणि कुठल्या घरात किक, कुठल्यात स्नेअर (छोट्या ड्रमचा कडक ठोका), कुठलं घर रिकामं सोडायचं हे माणसाला ठरवावं लागतं. माणूस ड्रमर थकतो, चुकतो, जोशात लय वाढवतो. मशीन तसं काही करत नाही, म्हणून गिटारवाल्याला आणि गाणाऱ्याला सगळा जीव स्वतः ओतावा लागतो नाहीतर गाणं मेलेलं वाटतं. तुमच्या लालबाग परळच्या हळदीत, आगमनात बेंजो असतो ना, त्यात एक पोरगा स्टँडवर पॅड ठेवून काठ्यांनी वाजवतो, ऑक्टोपॅड, त्यालाही आवाज मशीनच देते. पण त्याला काही येत नाही असं गल्लीत कोणी म्हणत नाही, उलट चांगला ऑक्टोपॅडवाला सीझनला मिळत नाही म्हणून मंडळवाले आधीपासून बुक करतात.

आणि ड्रमर नसण्याला मुंबईत एक अगदी साधं कारण आहे. दहा बाय बाराच्या खोलीत ड्रमसेट मावत नाही, मावला तरी शेजारी राहू देत नाहीत, लोकलने नेता येत नाही, जॅमरूमला, म्हणजे सरावाच्या भाड्याच्या खोलीला, तासाचे पैसे. मशीन बॅगेत जाते आणि हेडफोन लावला की रात्री दोन वाजता पण कोणाला त्रास नाही. घरात रात्री आवाज येत नाही म्हणून तो काही करत नाही असं समजू नका.

हा प्रकार त्याने एकट्याने काढलेला नाही हेही सांगते, म्हणजे मनातली भीती कमी होईल. इंडस्ट्रियल हे नाव इंग्लंडमधल्या एका ग्रुपने १९७६ मध्ये काढलेल्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या कंपनीवरून रूढ झालं, कारखान्याचे, यंत्रांचे आवाज म्हणजे पण संगीत असं त्यांचं म्हणणं. न्यूयॉर्कमध्ये सुइसाइड नावाची दोघांची जोडी (नाव भयंकर आहे, घाबरू नका) एक गायक आणि एक कीबोर्डवाला, ठोका मशीनचा, त्यांचा पहिला अल्बम १९७७ चा. आणि मुलाच्या टीशर्टवर ज्यांचं नाव आहे म्हणून तुम्ही लिहिलंत ते बिग ब्लॅक, शिकागोकडचे, १९८१ ला सुरू झाले. त्यांच्याकडे रोलंड कंपनीचं टीआर-६०६ हे ड्रम मशीन होतं, आणि ते रेकॉर्डच्या कव्हरवर बाकीच्या मेंबरांच्या नावांबरोबर रोलंड असं त्याचंही नाव छापायचे.

या बिग ब्लॅकची गोष्ट मी मुद्दाम सांगतेय कारण करिअरच्या दृष्टीने ती फार कामाची आहे. बँड काढणारा स्टीव्ह अल्बिनी तेव्हा कॉलेजात होता, नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतून पत्रकारितेची डिग्री घेतली त्याने, आणि बँड चालू असताना पोटासाठी फोटो रीटचिंगची नोकरी करायचा. त्यांचा गिटारिस्ट सांतियागो दुरांगो, त्याने लॉ करायचं ठरवलं, म्हणून १९८७ मध्ये त्यांनी बँड थांबवला, आणि तो खरंच वकील झाला. अल्बिनी मात्र आवाजातच राहिला, रेकॉर्डिंग इंजिनिअर म्हणून. निर्वाणा या प्रसिद्ध अमेरिकन रॉक बँडचा १९९३ चा अल्बम त्याने रेकॉर्ड केला आणि रॉयल्टी घेतली नाही, प्लंबरला देता तसे मला कामाचे पैसे द्या असं बँडला लिहून कळवलं. १९९७ मध्ये शिकागोत स्वतःचा स्टुडिओ उघडला आणि २०२४ मध्ये वारला तोपर्यंत तेच काम करत होता. म्हणजे बँड जेमतेम सहा वर्षं चालला, पण त्या सहा वर्षांत मायक्रोफोन कुठे ठेवायचा, आवाज कुठे फाटतो, कुठे फाटू द्यायचा हे जे शिकला त्यावर पुढे सगळं आयुष्य उभं राहिलं. आणि हे सगळं त्याने शिक्षण आणि नोकरी सांभाळून केलं, गॅप घेऊन नाही. हे मुलाला नक्की वाचून दाखवा, त्याच्याच हिरोचं आहे.

आपल्या मुंबईतलं उदाहरण तर मला अजून जवळचं वाटतं. चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे सेशन म्युझिशियन, लग्नकार्यात पण स्वतःचा ग्रुप घेऊन वाजवायचे. त्यांनी १९८२ मध्ये रोलंडची ड्रम मशीन टीआर-८०८, बेसची मशीन टीबी-३०३ आणि सिंथेसायझर घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी फार विचारलं नाही. २०१० ला ती परत बाहेर आली आणि जगभरचे लोक थक्क झाले, म्हातारपणी त्यांना परदेशात वाजवायला बोलावणी आली. पण मधली अठ्ठावीस वर्षं घर कशावर चाललं, तर वाजवण्याच्या रोजच्या कामावर, त्या रेकॉर्डवर नाही. १९८२ म्हटलं की तुमच्या घरात वेगळी आठवण निघत असेल, अठरा जानेवारीला गिरणी संप सुरू झाला ते वर्ष. तुम्ही लिहिलंय सासरे साचाखात्यात, म्हणजे गिरणीतल्या मागांवर, होते. त्याच गिरण्यांच्या आवारात नंतर पोरं गाणी ऐकायला जायला लागली, लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब होता २००७ पासून जवळजवळ नऊ वर्षं. यंत्राच्या आवाजाचं गाणं करावंसं या घरातल्या मुलाला वाटलं याचं मला तरी अजिबात नवल वाटत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या मुलाचं इलेक्ट्रॉनिक्स आणि बँड ही दोन टोकं नाहीत, एकच गोष्ट आहे. तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय की लॅमिंग्टन रोडवरून सुटे पार्ट आणतो आणि गिटारचे पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या डब्या) उघडून बसतो, सोल्डरिंगच्या वासाने डोकं उठतं. ताई, ज्याला सर्किट वाचता येतं आणि कानही आहे अशी पोरं कमी असतात, बहुतेकांना एकच काहीतरी येतं. लाइव्ह शोचा साउंड, पीए सिस्टिमचं सेटअप आणि ट्युनिंग, अंधेरीकडचे डबिंग आणि पोस्ट प्रॉडक्शनचे स्टुडिओ, मराठी नाटकांचा साउंड, ऑडिओची उपकरणं डिझाइन आणि रिपेअर करणं, आवाजाचं सॉफ्टवेअर, या सगळीकडे अशा माणसाला काम आहे. सुरुवातीचे पैसे कमी असतात, रात्री अपरात्री यावं लागतं, केबल उचलाव्या लागतात, हे लपवत नाही.

म्हणून डिग्री. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला डिप्लोमाच्या मार्कांवर अ‍ॅडमिशन मिळते, सीईटी द्यावी लागत नाही, फक्त सीईटी सेलच्या तारखा चुकवायच्या नाहीत. इलेक्ट्रॉनिक्स किंवा एक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घेऊ दे, आणि कॉलेज मुंबईतलंच बघा, थोडं कमी नावाचं चालेल, कारण लांब गेला की बँड तुटतो आणि तुटला की तो तुम्हाला दोष देणार. तीन वर्षांत डिग्री होईल. पुढे साउंडमध्येच जायचं पक्कं झालं तर पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटला, साउंडचा कोर्स आहे, रसूल पूकुट्टी तिथलेच, त्यांना २००९ ला साउंड मिक्सिंगचं ऑस्कर मिळालं. पण तिथे पदवी लागते, नुसत्या डिप्लोमावर होत नाही. आणि साउंडला बारावीचं फिजिक्स मागतात, याने दहावीनंतर डिप्लोमा केलाय, तेव्हा ती अट तिथे आत्ताच विचारून ठेवा, तीन वर्षांनी कळून उपयोग नाही.

चाळीस हजारांबद्दल. जुन्या ड्रम मशीनचे आवाज लॅपटॉपवर निघतात, फुकट सॉफ्टवेअर पण आहेत, आणि आत्ताच्या मशीनवर जे त्याने केलंय ते ऐकून मला नाही वाटत नवीन मशीन नसल्याने त्याचं काही अडलंय. भिशी तुमची आहे, ती फीला ठेवा. मशीन त्याने शोच्या आणि पेडल रिपेअरच्या पैशातून घ्यावं, घेईल तो. एक मात्र तुम्ही आणून द्या, कानातले इअरप्लग, वाजवणाऱ्यांचे मिळतात ते. पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. छोट्या जॅमरूममध्ये अँप समोर ठेवून तीन तास वाजवलं तर काय होत असेल बघा. सासऱ्यांना साचाखात्यामुळे ऐकू कमी येतं असं तुम्हीच लिहिलंय. ज्याचं पोट कानावर चालणार आहे त्याने हे आजपासून पाळायला हवं, यात मी काही ऐकून घेणार नाही.

अजून एक छोटं काम, तिघांनी एका कागदावर लिहून सह्या करायच्या, कुठलं गाणं कोणाचं, चाल कोणाची, शब्द कोणाचे, ठोका कोणी बसवला, पैसे आले तर कसे वाटायचे. मैत्री आहे तोवरच हे लिहून होतं. गाणी बाहेर काढायला लागले की आयपीआरएसची मेंबरशिप घ्यावी, गीतकार संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे, १९६९ पासूनची, ऑफिस मुंबईतच आहे.

बाबांना एकदा शोला घेऊन जा. आवडायलाच हवं असं नाही, मागे उभं राहून त्याचे हात काय करतात तेवढं बघू देत.

शेवटच्या सेमचा रिझल्ट लागला की मार्कशीट मला पाठवा, कॉलेजांची यादी आपण मिळून करू. आणि मुलाला सांगा, त्याने स्वतः बनवलेल्या पेडलचे फोटो आणि सर्किटचे कागद एका फाइलमध्ये लावून ठेव, मला बघायचेत.