पश्चिमेचं पाणी आणि तीन मीटरचा छज्जा

प्रश्न : वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. उपोष्ण हवामानाच्या शहरासाठी किनाऱ्यावरचं बोट टर्मिनल हा माझा प्रकल्प. पाणी पश्चिमेला आहे. प्रतीक्षालयाला ६ मीटर उंच काच, वर ३ मीटरचा छज्जा. परीक्षकांनी विचारलं, "उन्हाचं काय?" छज्जा वाढवू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नको. सूर्य समोर क्षितिजापासून २० अंशांवर उतरला की ३ मीटरच्या छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम १.१ मीटर पडते. छज्जा दुप्पट केलात तरी निम्म्याहून जास्त काच उन्हातच. त्यात पाणी. सूर्य माथ्यावर असताना संथ पाणी दोन-तीन टक्के प्रकाश परत फेकतं, १० अंशांवर आला की जवळपास एक तृतीयांश. तो येतो खालून. छज्जा त्याला काय अडवणार?

मला हे एका धक्क्यावरच्या तिकीटघराने शिकवलं. डिझाइन माझंच. महिन्याभराने गेलो तर खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं, मधे हात जाईल एवढं भोक, त्यातून तिकिटं चालू. कारकून म्हणाला, "साहेब, चारनंतर नोटा दिसत नाहीत." छतावर पाण्याचे कवडसे नाचत होते. दिसत होते मात्र सुरेख!

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. दिवसा समुद्रावरचा वारा येतो तोही पश्चिमेकडूनच. दमट हवेत कूलर निरुपयोगी, अंगावरून वाहणारी हवाच काय तो दिलासा देते. म्हणजे ऊन अडवायचं आणि वारा घ्यायचा, एकाच बाजूने. म्हणून काच काढाच. तिथे उभ्या, तिरप्या पट्ट्या लावा. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातला सूर्य वायव्येला मावळतो, त्या हिशेबाने कलवा. फिरत्या पट्ट्यांचा मोह नको, खाऱ्या हवेत त्या गंजून अडकतात. स्टेनलेस स्टील ३१६ दर्जाचंच घ्या. ३०४ वर तांबूस डाग पडतात. एसी फक्त तिकीटघराला आणि प्रथमोपचाराच्या खोलीला द्या. स्वच्छतागृहं आणि सामानाची खोली नैर्ऋत्य कोपऱ्यात ढकला, दुपारचं ऊन त्यांनी खाऊ दे.

छज्जा ठेवा, पण पावसासाठी. बाकं पट्ट्यांपासून आत घ्या, झड येतेच. आणि वादळी वारा छज्ज्याला खालून उचलतो, म्हणून त्याचे सांधे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. परीक्षकांचा पुढचा प्रश्न तोच असेल.