स्मिता पाटील आज असती तर?

प्रश्न : ताई, परवा घरी सगळ्यांनी मिळून 'उंबरठा' बघितला आणि मुलीने विचारलं की ही आज असती तर काय करत असती, मला काही सांगताच आलं नाही. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : अहो, मलाही हा प्रश्न कित्येकदा पडतो. १३ डिसेंबर १९८६ला गेली तेव्हा फक्त ३१ वर्षांची होती, तोवर 'भूमिका' आणि 'चक्र'साठी दोन नॅशनल अवॉर्ड, पद्मश्री, सगळं झालेलं, आणि 'मिर्च मसाला' तर ती गेल्यावर रिलीज झाला. मला वाटतं तिचा खरा काळ चाळिशीनंतरच आला असता, तो चेहरा वय लपवणारा नव्हताच. दूरदर्शनवर बातम्या वाचायची, फोटोग्राफीचं वेड होतं, म्हणून मला ती कॅमेऱ्यामागेही दिसते, स्वतःचा मराठी सिनेमा डायरेक्ट करताना. आणि आता ओटीटीवर सत्तरीची आजी, पण देवघरात बसलेली नाही हं, जमिनीसाठी कोर्टात भांडणारी! मुलीला आता 'जैत रे जैत' दाखवा, त्यात ती अजूनच वेगळी आहे.