डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग म्हणजे काय? आपल्या हिंगोलीकडे त्याचा काय उपयोग?

आवाज, हृदयाचे ठोके, जमिनीचे हादरे हे सलग बदलणारे सिग्नल. ते ठरावीक वेळाने मोजून आकडे करायचे आणि त्या आकड्यांवर गणित करायचं, हेच डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे डीएसपी. साध्या फोन कॉलमध्ये आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजतात, कारण बोलणं समजायला साधारण 3400 हर्ट्झपर्यंतच्या (सेकंदाला 3400 आवर्तनांपर्यंतच्या) लहरी पुरतात आणि मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त लागते.

खरी मजा फिल्टरमध्ये, म्हणजे सिग्नलमधला नको तो भाग गाळण्यात आहे. ईसीजीच्या रेषेत विजेची 50 हर्ट्झची थरथर मिसळते. सेकंदाला 500 नमुने घेतले (म्हणजे 500 वेळा मोजलं), तर त्या थरथरीचं एक आवर्तन बरोबर 10 नमुन्यांत बसतं. लागोपाठच्या 10 नमुन्यांची सरासरी काढत गेलात की अधिक-उणे होऊन ती शून्य होते! ठोक्याचं टोक मात्र थोडं बोथट होतं, म्हणून यंत्रांत बहुतेकदा नॉच फिल्टर असतो, जो 50 हर्ट्झच्या आसपासचाच भाग गाळतो.

मोबाइल, एमआरआय, रडार सगळीकडे हेच. आणि तुमच्या हिंगोलीचं म्हणाल, तर औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातले सूक्ष्म तरंग) टिपणारी वेधशाळा होणार आहे. 2023 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोने 14 सप्टेंबर 2015 ला पहिली गुरुत्वीय लहर टिपली, ती जेमतेम 0.2 सेकंदाची होती. अशी लहर गोंगाटातून शोधताना गणिताने काढलेला तिचा आकार आकड्यांवर सरकवत जुळवून बघतात. हे शुद्ध डीएसपी!

सुरुवात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि नमपाय ही तिची आकडेमोडीची लायब्ररी यांपासून करा. फोनवर शिट्टी रेकॉर्ड करून तिचा एफएफटी (कुठल्या हर्ट्झची लहर किती आहे ते दाखवणारं गणित) काढा, शिखर कुठल्या हर्ट्झवर येतंय ते बघा.