वाटीवरचा पांढरा ठिपका

अनेक आशीर्वाद.

वाटी पोचली. जुन्या साडीच्या चार घड्यांत गुंडाळली होतीस, तरी काठाजवळचा नखाएवढा टवका सुटून घडीत पडला होता. मी फोटो पाठवल्यावर तू कुरियरवाल्याशी भांडलीस, असं तुझी आई म्हणाली. त्याला फोन कर आणि माफी माग. टवका निघालाय तिथे खळग्याच्या तळाशी बघ, ज्वारीच्या कण्याएवढा पांढरा ठिपका आहे. वाटी त्या बिचाऱ्याच्या हातून फुटली नाही. तू शेतातून माती खणून आणलीस, त्याच दिवशी ते ठरून गेलं होतं.

तो ठिपका चुन्याचा. आपल्या काळ्या रानात चुनखडीचे खडे असतातच. भट्टी आठ-नऊशे अंशांवर गेली की खड्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. भट्टीतून काढताना वाटी धडधाकट दिसते, कारण चुन्याला अजून पाणी मिळालेलं नसतं. मग तो हवेतली ओल पीत बसतो, फुगतो आणि अंगावरचा पापुद्रा ढकलून देतो. कधी दोन दिवसांत, कधी तीन आठवड्यांनी. पहिल्या वर्षी मी हौसेने बारा पणत्या करून दिवाळीत वाटल्या होत्या. तुळशीच्या लग्नापर्यंत पाच जणींचे फोन आले. मी प्रत्येकीला म्हणाले, "पडली असेल गं तुझ्या हातून." आता आठवलं की लाज वाटते.

हे एवढं लांबण लावतेय, कारण मातीकामात मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच आहे: दोष जिथे दिसतो, तिथे तो झालेला नसतो. आपण मात्र दिसल्या जागीच दुरुस्ती करत बसतो.

आता तुझ्या मातीचं. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाक. फसफसलं तर चुना आहे. माती पूर्ण वाळव, मग बादलीभर पाण्यात टाक आणि हात न लावता रात्रभर ठेव. कोरडी माती आपोआप विरते, अर्धवट ओली विरत नाही, गोळे राहतात. ती दाट कालवणासारखी झाली की ८० नंबरच्या जाळीतून गाळ. पिठाची चाळणी चालणार नाही, भोकं मोठी पडतात. पिठासारखा बारीक चुना मातीत राहिला तरी सहसा त्रास देत नाही, खडा देतो. भाजून झालेल्या ज्या वाट्यांबद्दल शंका आहे, त्या भट्टीतून काढल्या काढल्या पाण्यात बुडवून ठेव. चुना तिथेच विरून मऊ पडतो आणि फुगायचा जोर बराचसा जातो. विटांच्या कामातली ही जुनी युक्ती आहे.

वाळताना तडे जातात म्हणून तू लिहिलंस की "माझा हात अजून बसला नाही." हात बसायला वेळ लागेलच, पण या तड्यांशी त्याचा फार संबंध नाही. मे महिन्यात तुमचं रान कसं फाटतं ते बघितलंयस ना? हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा. काळ्या मातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की तेवढेच आकसतात. वाटीने वेगळं काय करावं? आपले कुंभार काळी माती नुसती वापरत नाहीत. गाळाची माती, राख, घोड्याची नाहीतर गाढवाची लीद मिसळतात. लिदीतले बारीक तंतू वाळताना धरून ठेवतात आणि भट्टीत जळून जातात. तुला लीद मिळाली नाही तर बारीक वाळू घे, किंवा भाजलेल्या मडक्यांचा कुटून केलेला चुरा. पण अंदाजाने मूठ-मूठ टाकू नकोस. चार पट्ट्या कर: एक नुसत्या मातीची, मग दहा, वीस आणि तीस टक्के चुरा घातलेल्या. ओल्या असतानाच प्रत्येकीवर बरोबर दहा सेंटीमीटरची रेघ मार. वाळल्यावर मोज, भाजल्यावर परत मोज. रेघ पावणेनऊवर आली, तर आकसणं साडेबारा टक्के. भाजलेली पट्टी कोरडी वजन कर, दिवसभर पाण्यात ठेव, पुसून परत वजन कर. २०० ग्रॅमची २२४ झाली तर ती १२ टक्के पाणी पिते. अशा मातीच्या वाटीत आमटी ओतलीस तर खालचा टेबलक्लॉथ ओला होणार, हे जेवायला बसायच्या आधीच कळेल.

जुलैत फुटलेल्या फुलदाणीचं खापर तू हवेच्या बुडबुड्यावर फोडलंस. सगळेच फोडतात, मीही फोडत असे. माती नीट तिंबायची ती सारखी व्हावी म्हणून. हवा अडकली म्हणून भांडं भट्टीत उडत नाही. उडतं ते पाण्यामुळे. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते आणि जाड बुडातून तिला बाहेर पडायला वाटच नसते. पावसाळ्यात भांडं वरून वाळलेलं दिसतं, आत ओल असते. गालाला लावून बघ. गार लागलं तर ते वाळलेलं नाही, मग आठवडा झालेला असो की महिना. त्या दिवसांत मी भट्टी शंभर अंशांच्या जरा खालीच रात्रभर धरून ठेवते. विजेचं बिल येतं, पण शेल्फवरून ठिकऱ्या वेचण्यापेक्षा बरं.

चाकावरची एकच गोष्ट सांगते, बाकी चाक तुला माझ्यापेक्षा चांगलं शिकवेल. गोळा उघडल्यावर तळ बोटाने मधून कडेकडे आणि परत मधे, दोन-तीनदा दाबून घे. नाही घेतलास तर वाळताना किंवा भाजल्यावर तळाला नागमोडी चीर पडते आणि तू भट्टीला शिव्या देतेस.

भट्टीवरचा आकडा म्हणजे सगळं नव्हे. शेंगदाणे मोठ्या आचेवर दोन मिनिटं भाजले तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात, हे तुला माहीत आहे. माती आणि झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, यांचंही तसंच, उष्णता किती याच्याइतकंच ती किती वेळ हेही बघावं लागतं. म्हणून भांड्यांच्या शेजारी कोन ठेवायचे, म्हणजे ठरावीक उष्णता पोचली की वाकणारे छोटे सुळके. जर्मनीत हेर्मान झेगर यांनी १८८६ साली ते काढले, आणि आजही माझा यंत्रापेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे. यंत्र १२२० दाखवतं आणि सहा नंबरचा कोन ताठ उभा असतो, असं माझ्याकडे कितीदा तरी झालंय.

आणि हो, काळी माती स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त आचेवर भाजायच्या भांड्यांच्या, भट्टीत टाकायचा मोह होईल. टाक, पण खाली भाजलेल्या मातीची जुनी बशी ठेव. काळ्या मातीत लोह भरपूर, ती लवकर वितळते. माझी पट्टी शेल्फवर काकवीसारखी पसरली होती. छिन्नीने खरवडताना दिसलं की ती थंड होऊन गर्द तपकिरी काच झालीये. पुढच्या भट्टीत तीच माती गाळून पातळ करून पांढऱ्या मातीच्या पेल्यावर ओतली. तो पेला अजून रोज चहाला वापरते.

झिलईबद्दल तू पानभर लिहिलंस, मी थोडक्यात लिहिते. शिसं असलेली झिलई घरात आणूच नकोस, स्वस्त मिळाली तरी. भट्टी उघडल्यावर वाटी टिंग-टिंग वाजली, तर झिलई मातीपेक्षा जास्त आकसून तडकतेय. बहुतेक वेळा थोडी सिलिका वाढवून ते थांबतं. कमी भाजलेल्या भांड्यात मात्र हे तडे महिन्यांनीही येतात, कारण माती हळूहळू ओल पिऊन किंचित फुगते. रंगीत झिलईवर लिंबाची चकती रात्रभर ठेव. सकाळी रंग फिका पडला असेल, तर त्या बरणीत लोणचं घालायचं नाही. तुझ्या आजीने कितीही आग्रह केला तरी.

खोलीत केरसुणी मारू नकोस. ओल्या फडक्याने पुसून घे, आणि कोरडी पावडर मिसळताना चांगला मास्क लाव. सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते. तिचा हिशेब दहा-वीस वर्षांनी येतो, आणि ते टवके परत चिकटवता येत नाहीत.

वही घाल. तारीख, माती कुठून खणली, काय मिसळलं, कधी भाजलं. आणि पुढे महिनाभराची जागा कोरी सोड, कारण निम्म्या नोंदी भट्टी उघडल्यानंतरच्याच असतात.

पुढच्या महिन्यात माझी भट्टी लागेल, वरच्या शेल्फचा कोपरा तुझ्यासाठी ठेवलाय. पट्ट्या पूर्ण वाळवून आण. मागे नंबर ओल्या असतानाच खिळ्याने कोर. पेनाने लिहू नकोस, शाई जळून जाते.

तुझी,
मावशी